ओळीला एक फुटाणा

"२ मे. टंचाई तक्ता. बेरीज पाचपर्यंत द्यायची."

माझ्या जुन्या डायरीत त्या दिवसाच्या पानावर एवढंच लिहिलेलं आहे. मी डायरीत कामं लिहायचे, मनातलं नाही. त्यामुळे नानांबद्दल अख्ख्या डायरीत एक ओळ नाही. आता लिहायला बसले, कारण परवा ऑफिसात नवीन लागलेल्या दोघींना तक्ता शिकवताना मी म्हणाले, "आधी ओळ ठरवा, मग बेरीज करा." दोघींनी ते वहीत उतरवून घेतलं, जसं काही माझंच वाक्य आहे. ते माझं नाही, नानांचं आहे.

हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी पहिली नेमणूक झाली होती. गावाचं नाव सांगत नाही, माणसं अजून तिथेच आहेत. मी कनिष्ठ लिपिक होते आणि दोन वर्षं परिवीक्षेवर, म्हणजे कच्च्या नोकरीत. नाना टंचाईच्या टेबलावर होते. उन्हाळ्यात कोणत्या वाडीला, वस्तीला, तांड्याला पाण्याचा टँकर लागणार याची यादी करायची, तिथल्या लोकसंख्येची बेरीज करायची आणि जिल्ह्याला पाठवायची, एवढं त्या टेबलाचं काम. पावसाळा लागला की त्या टेबलाकडे कोणी फिरकत नसे. मार्च उजाडला की तिथे उभं राहायला जागा नसे.

नाना उंच होते आणि मानेपासून थोडे पुढे झुकलेले. टेबलाला खुर्ची होती, पण ते स्टुलावर बसत. खुर्चीवर फायली असत. मी पहिल्याच दिवशी कारण विचारलं.

"खुर्चीत बसलं की माणूस गोल आकडे लिवतो," ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती. शून्यावर संपणारा आकडा त्यांना खपत नसे. ग्रामसेवकाने वस्तीची लोकसंख्या चारशे लिहून आणली की कागद परत. "चारशेच काहून? चारशे झाल्यावर बाया बाळंत व्हायच्या थांबल्या का?" ग्रामसेवक चडफडत जायचा आणि चारशे सात लिहून आणायचा. बसस्टँडवर चहा पीत सात वाढवले असणार हे नानांनाही कळत असावं. पण तेव्हा ते काही बोलत नसत. एवढं चालून आला, एवढी शिक्षा पुरे, असा त्यांचा हिशेब.

शर्टाचा वरचा खिसा कायम फुगलेला असे. त्यात फुटाणे. ते खायचे होते, पण नंतर. आधी ते मोजायचे होते. यादी टेबलावर पसरायची, फूटपट्टी एकेका ओळीखाली सरकवत न्यायची आणि जी ओळ धरायची तिच्यावर एक फुटाणा ठेवायचा. शेवटी फुटाणे गोळा करून मोजायचे, आकडा लिहायचा आणि फुटाणे खाऊन टाकायचे. पुन्हा मोजा असं कोणी म्हणालंच तर ते पोटावर हात ठेवत. साहेबांना या प्रकाराची लाज वाटे. वरून कोणी येणार असलं की ते शिपायाला सांगत, "नानांचं ते चण्याचं आवरायला सांग."

आणखी एक खोड होती. कोणत्याही यादीतून नाव गाळलं की ते मोठ्याने वाचायचं. मनात नाही, खणखणीत. सगळं ऑफिस ऐके. रेशनची यादी असो की सहलीची. एकदा सहलीतून एका बाईंनी स्वतःहून नाव काढून घेतलं, तरी नानांनी ते वाचलं. "गाळलेलं नाव कुनाच्या तरी कानावर पडलं पाहिजे," एवढंच स्पष्टीकरण. बाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

माणूस तिरसट नव्हता, पण सोपाही नव्हता. त्यांच्यासोबत फिरतीवर जाणं म्हणजे कसोटी. गावात पोचले की ते आधी पाणी मागत आणि मनगटावरच्या घड्याळात बघत. तांब्या हातात आला की पुन्हा घड्याळ बघत आणि वहीत मिनिटं लिहीत. विहिरी, हातपंप, नोंदी सगळं नंतर. लोकांना वाटे म्हाताऱ्याला मानपान फार लागतो. तांब्या यायला किती वेळ लागला यावरून ते गावाचं पाणी मोजत होते.

पुसेगावच्या पलीकडे एका गावात सरपंचाने आमचं दणक्यात स्वागत केलं. गावात थेंब नाही, माणसं तडफडून राहिलीत, असं त्याचं भाषण चालू असतानाच त्याच्या सुनेने तांब्या आणून ठेवला. तांब्याला बाहेरून दव सुटलं होतं.

नाना पाणी प्यायले आणि त्यांनी वहीत लिहिलं. सरपंच वाकून बघायला लागला.

"एक मिनिट वीस? हे काय लिवलं, नाना?"

"वेळ."

"अन् त्यावर तुमी आमचा टँकर काटून राहिले का? पाव्हण्याला पाणी पाजलं हा गुन्हा झाला का आमचा?"

"पाजलं म्हणून न्हाई काटत," नाना उठता उठता म्हणाले. "लवकर पाजलं म्हणून काटतो."

सरपंचाचं तोंड बघण्यासारखं झालं. मी हसू दाबलं. नंतर विहीर पाहिली, तर सरपंचाच्याच परसात चांगली भरलेली होती. तरी मला परतीच्या जीपमध्ये वाटलंच की ही काही मोजायची पद्धत नव्हे. फ्रिज असलेल्या घरी तांब्या लवकर येणारच. मी तसं म्हणाले. नाना म्हणाले, "बराबर. म्हणून तर पुढच्या गावी शेवटच्या घरी मागू." आणि खरंच पुढच्या गावी ते शेवटच्या घरापर्यंत चालत गेले.

आता लग्नाची गोष्ट सांगते, कारण ती मला वेळेवर समजली असती तर पुढचं टळलं असतं.

नरसीला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. आचाऱ्याने पंगतीचा आकडा मागितला. मुलीच्या बापाने कागद काढला. भावकीची इतकी पानं, गावची इतकी, ऑफिसची इतकी, अशी तिन्हींची बेरीज करून त्याने आचाऱ्याला सांगितली. नाना शेजारी होते. त्यांनी कागद ओढून घेतला आणि आमच्या शिपायाकडे बोट केलं.

"हा तुझ्या भावकीतला हाय ना?"

"व्हय, चुलतभाऊ."

"तुझ्या गावचा बी हाय ना?"

"व्हय."

"अन् आपल्या ऑफिसातला बी हाय. मग तीन पानं लिवलीस त्याची. पोटं किती हायत त्याला?"

शिपाई पोटावरून हात फिरवत म्हणाला, "एकच हाय नाना, पण तिघांचं हाय."

सगळा मांडव हसला. नानांनी मात्र बापाला समोर बसवून नावं घेत घेत यादी पुन्हा केली. माणूस एकदा धरला की तो कितीही ठिकाणांहून पाहुणा असला तरी पुन्हा धरायचा नाही. आकडा बराच खाली आला. लग्नघरच्या बायका कुजबुजत होत्या की म्हातारा बुंदीवर टपलाय. बुंदी उरली नाही आणि कमीही पडली नाही. मी इतरांसारखीच हसले आणि विसरून गेले.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी नाना आणि मी टेकडीवरच्या एका तांड्यावर गेलो. पायथ्यापर्यंत जीप, पुढे चढ. तांड्यावर एक म्हातारी पुढे आली. लमाणांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. तिला सगळा तांडा याडी म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणालो. नानांनी पाणी मागितलं. एक मुलगी घागर घेऊन टेकडी उतरायला लागली आणि दिसेनाशी झाली. आम्ही लिंबाखाली बसलो. मी माझा तक्ता काढला. त्यात गावाला तीन प्रश्न होते आणि प्रत्येकापुढे हो किंवा नाही लिहायचं.

"याडी, विहीर आटली का?"

"आटली की. होळीच्या आधीच आटली."

हो.

"पाणी लांबून आणावं लागतं?"

"ती पोरगी गेली ना, ती येऊ दे, मग सांग लांब का जवळ."

हो.

"बोअर बंद पडलाय का?"

याडी तोंडावर पदर घेऊन हसली. "बोअरच न्हाई आमच्यात. नसलेला बंद कसा पडल?"

मी 'नाही' लिहिलं. प्रश्न बोअर बंद आहे का असा होता, उत्तर नाही असं होतं. मला त्यात काही चूक दिसली नाही. नाना तेव्हा टेकडीच्या कडेला उभे राहून मुलीची वाट बघत होते.

सत्तेचाळीस मिनिटं लागली. नानांनी एक घोट घेतला आणि तांब्या तिच्याच हातात परत दिला. उतरताना म्हणाले, "या तांड्याचा टँकर आधी."

मग २ मे.

नियम साधा होता. विहीर आटलेली, बोअर बंद, पाणी लांब, या तिन्हींपैकी कोणतीही एक अडचण असली तरी त्या वस्तीला टँकर. माझ्या तक्त्यात बावन्न वस्त्या होत्या, एकेका ओळीत एकेक. शेवटच्या रकान्यात लोकसंख्या. त्या बेरजेवरून दिवसाला किती लिटर पाणी लागणार ते ठरायचं. तोवर ही बेरीज नाना हाताने करत. त्या वर्षी साहेबांनी फर्मान काढलं की कॉम्प्युटरवर पाहिजे, आणि मला कॉम्प्युटर येतो असं मीच सगळ्यांना सांगत सुटले होते.

मी तीन फॉर्म्युले लावले. विहीर आटलेल्या वस्त्यांची लोकसंख्या, बोअर बंद असलेल्यांची, पाणी लांब असलेल्यांची. मग तिन्ही आकड्यांची बेरीज केली. अठ्ठावीस हजार चारशे सोळा. शून्यावर संपत नव्हती, म्हणून मी खुशीत नानांकडे नेली.

नानांनी फूटपट्टी काढली नाही, फुटाणे काढले नाहीत. तक्त्याच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे बावन्न वस्त्यांची मिळून लोकसंख्या होती, वीस हजार सहाशे सेहेचाळीस.

"ताई, आपल्याकडं हायत त्यापेक्षा जास्त माणसं तहानलेली हायत."

ज्या वस्तीला तिन्ही अडचणी होत्या तिची माणसं मी तीनदा मोजली होती. एका वस्तीची चारशे बारा माणसं तक्त्यात बाराशे छत्तीस होऊन बसली होती. लग्नातल्या शिपायासारखी.

एवढ्यात साहेब आले. त्यांनीही तो आकडा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. शेजारच्या तालुक्याची फुगलेली यादी जिल्ह्याने आठवड्यापूर्वी परत केली होती. तिथे अजून एकही टँकर सुरू नव्हता. दुसऱ्या दिवशी अकराला जिल्ह्यात मंजुरीची बैठक होती आणि नंतरची थेट पंधरा दिवसांनी. यादी पाचच्या आत इमेलने जायला हवी होती. तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते.

साहेबांनी ऑपरेटरला बोलावलं. तो शहरातला, हिंदी-मराठी मिसळून बोलणारा, हाताने चलाख. त्याने माझे तीन फॉर्म्युले पुसले आणि एकच लावला. "डबल होतंय ना मॅडम? अब नहीं होगा. तीनों एक साथ टाकतो." दोन मिनिटांत आकडा आला. पाच हजार दोनशे सात. वस्त्या चौदा.

"बघा," साहेब म्हणाले, "असा आकडा शोभतो."

नानांनी स्टूल कॉम्प्युटरपाशी ओढलं. स्क्रीनला फूटपट्टी लावून एकेक ओळ बघत गेले. ऑपरेटर वैतागला. "नाना, काच पे स्केल मत घिसो." नाना थांबले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, यात फक्त तिन्ही अडचणीवाल्या वस्त्या आल्या. आपल्याला तिन्हींपैकी एक असली तरी पाहिजे. पंचवीस वस्त्या गळाल्या."

"पुढच्या बैठकीत घेऊ."

"पंधरा दिवस काय पितील?"

"नाना, मला शिकवू नका." साहेब ओरडले नाहीत, म्हणून जास्त भीती वाटली. "काल जिल्ह्यातून फोन आलाय, आकडे आवरा म्हणून. चौदा वस्त्यांची यादी उद्या डोळे मिटून मंजूर होईल. एकोणचाळीसांची पाठवली तर तपासणी लागेल, आणि चौदांनाही मिळणार नाही. बोला. चौदा पाहिजेत की शून्य?"

मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, हे मी लपवत नाही. चौदा शून्यापेक्षा जास्तच असतात.

नानांनी बावन्न वस्त्यांचा कागद घेतला, उभे राहिले आणि गळालेल्या पंचवीस वस्त्यांची नावं वाचायला लागले. खणखणीत. साहेब भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. ऑपरेटर मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. बारावं की तेरावं नाव टेकडीवरच्या तांड्याचं होतं, बोअरपुढच्या माझ्या 'नाही'मुळे गळालेलं.

ते नाव आलं आणि व्हरांड्यातून आवाज आला, "आलं! आमचं आलं!"

याडी होती. दुपारपासून बाहेर बसून होती म्हणे, टँकरचं विचारायला. आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. ती दारात येऊन उभी राहिली, दोन्ही हात जोडून. "नानाभाऊ, नाव वाचलं ना आमचं? कानानं ऐकलं मी. पोरीला सांगते आता, उद्या उतरू नको म्हणून."

नानांचा हात कागदावर तसाच होता. मी बोलायला हवं होतं. मी साहेबांकडे बघितलं. साहेब तिला म्हणाले, "आजी, काम चालू आहे, बाहेर थांबा." ती थांबायला कशाला? तिचं काम झालं होतं. नाना भानावर येऊन दारापर्यंत गेले तोवर ती रस्त्यावरच्या काळीपिवळी जीपमध्ये बसली होती. ते मागे धावले, चप्पल न घालता. जीप निघून गेली. तांड्यावर कोणाचा फोन लागत नसे. टेकडीवर रेंज नव्हती.

परत आल्यावर साहेबांनी छापलेला तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. तळाशी उजव्या कोपऱ्यात 'तपासणाऱ्याची सही' अशी जागा होती. साहेबांची सही सोबतच्या पत्रावर असे, तक्त्यावर नसे. तक्ता चुकला तर तो तपासणाऱ्याचा चुकला, अशी ती सोय.

"करा."

"न्हाई करणार, साहेब."

"लेखी द्याल?"

"देतो की." आणि तिथल्या तिथे त्यांनी कागदावर एक ओळ लिहून दिली. तक्त्यात टँकरला पात्र पंचवीस वस्त्या नाहीत, म्हणून सही केली नाही. पुढे त्या ओळीवर त्यांना कारणे दाखवा नोटीस आली. उत्तरात त्यांनी तीच ओळ पुन्हा लिहून पाठवली. निवृत्तीला दीड वर्ष होतं, आणि त्या दीड वर्षात त्यांना टंचाईच्या टेबलावरून काढून जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. तिथेही ते स्टूल घेऊन गेले.

साहेबांनी तक्ता माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही करा. तक्ता तुम्हीच केलाय ना?" मग आवाज खाली आणून, "तुमची कायम करायची फाईल याच आठवड्यात वर जातेय."

साडेचार वाजले होते. मी काय विचार केला ते लिहिलं तर उगाच मोठं दिसेल. विचार असा होता की घरी सासऱ्यांचं आजारपण आहे, नवऱ्याचं काम हंगामी आहे आणि माझा पगार चालू राहिला पाहिजे. मी सही केली. नाना बघत होते. त्यांनी मला काही म्हटलं नाही, त्याचाच मला संताप आला.

पाचला पाच मिनिटं असताना इमेल गेली. सही केलेली मूळ प्रत शिपाई संध्याकाळच्या गाडीने घेऊन गेला. साहेब गेले, ऑपरेटर गेला. खोलीत आम्ही दोघं उरलो आणि मी भांडायला सुरुवात केली.

"तुमी सही न करता मोकळे झालात. आता शांत झोपाल. पण यादी गेलीच ना? तुमच्या त्या एका ओळीनं तांड्यावर किती घागरी पोचल्या?"

नाना म्हणाले, "एक बी न्हाई."

ते असं सरळ कबूल करतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी बावन्न ओळींचा कागद पसरला, खिशात हात घातला आणि ओळीवर फुटाणे ठेवायला लागले. विहीर आटली, एक फुटाणा. विहीर आटली आणि पाणीही लांब, तरी एकच फुटाणा. तिन्ही, तरी एकच. तांड्याच्या ओळीवर एक.

"ओळीला एक," ते म्हणाले. "कारणं किती का असंनात. आधी ओळ ठरव, मग बेरीज कर. तुझ्या पेटीला हे सांगता येतं का बघ."

आलं की सांगता. मी तक्त्यात एक नवा रकाना घातला आणि वर लिहिलं, 'कोणतंही एक'. तिन्हींपैकी एका ठिकाणी जरी हो असेल तर त्या रकान्यात हो, नसेल तर रिकामं. मग फक्त त्या एका रकान्यावर बेरीज लावली. पंधरा हजार आठशे त्र्याहत्तर. वस्त्या एकोणचाळीस. नानांनी फुटाणे मोजले. एकोणचाळीस. सगळ्या कामाला वीस मिनिटं लागली. सव्वातीनला कोणी शांतपणे वीस मिनिटं दिली असती तर चारच्या आत झालं असतं.

मी दोन प्रती काढल्या. नाना फुटाणे खात होते. मुठीतले अर्धे त्यांनी माझ्यापुढे केले. मी घेतले, भूक लागली होती.

"हिंगोलीला पहिली गाडी साडेसहाची हाय," ते दाराशी जाऊन म्हणाले.

"मला काहून सांगून राहिले?"

"तुला न्हाई. मी आपलं म्हणून राहिलो. उद्या माझी रजा हाय, मला घरच्या कामाला डोंगरकड्याला जायचं हाय. माझी गाडी आठची."

आणि ते गेले. मला त्यांनी जा म्हटलं नाही, जाऊ नको म्हटलं नाही. चालताना ते एका पायाने लंगडत होते. काळीपिवळीमागे धावताना तळव्याला काहीतरी लागलं असावं.

३ मेला सकाळी मी साडेसहाची गाडी धरली. घरी सांगितलं, ऑफिसचं काम आहे, आणि ते खोटं नव्हतं. जिल्ह्याचं ऑफिस पावणेदहाला उघडलं. टंचाईचा बाबू सव्वादहाला आला, पान थुंकून, हात धुऊन टेबलावर बसला. त्याच्यासमोर सगळ्या तालुक्यांचे तक्ते एका गठ्ठ्यात बांधून तयार होते, अकराच्या बैठकीसाठी. मी माझ्या तालुक्याचं नाव सांगितलं आणि नवा तक्ता पुढे केला.

"हा बदलून घ्यायचाय. काल आलेला चुकीचा आहे."

त्याने गठ्ठ्यातून कालचा काढून बघितला. "यात काय चूक आहे? तपासून सही आहे की."

"सही माझी आहे."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग बदलायला तुमच्या साहेबांचं पत्र पाहिजे, मॅडम."

"साहेबांनी या तक्त्यावर सही केलेली नाही. नानांनीही केलेली नाही. मी केलीय. मग मागे कोण घेणार?"

"तसं नाही होत."

"पंचवीस वस्त्या गळाल्यात. आत गेल्यावर तुमच्या वरिष्ठांनी विचारलं, तर मी सव्वादहाला येऊन तुम्हाला सांगून गेले असं सांगणार आहे. तपासणी लावायची तर लावू द्या. एकोणचाळीस ओळी आहेत, कोणत्याही ओळीवर बोट ठेवा, मी सोबत येते."

तो कालचा तक्ता हातात धरून बसला. मग हळूच म्हणाला, "नोकरी पक्की आहे का तुमची?"

"कच्ची आहे."

"मग घरी जा, बाई."

मी त्याच्या हातातून तक्ता घेतला, पेन काढलं आणि माझी सही आडवी खोडली. बाजूला लिहिलं, 'चुकीची बेरीज, मागे घेत आहे', खाली तारीख घातली. मग नव्या तक्त्यावर, तपासणाऱ्याच्या जागी, पूर्ण नावाने सही केली आणि खुर्ची ओढून त्याच्या समोर बसले.

"आधी पोच द्या," मी म्हणाले.

त्याने शिक्का मारला. दहा पस्तीस झाले होते. मी पोच पर्समध्ये ठेवली आणि नवा तक्ता स्वतःच्या हाताने गठ्ठ्यात घालून नाडी बांधली.